विमानाची वारसनोंद

जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत यंत्राला मरण नाही, केवळ बदली आहे, हे विधान मी पूर्ण जबाबदारीने करीत आहे. मोडीत निघालेल्या जीपगाडीचा गिअरबॉक्स मळणीयंत्रात रुजू होतो; ट्रकखालून उतरलेली चाके उसाच्या बैलगाडीला लागतात आणि ट्रकने काढले नसेल एवढे आयुष्य तेथे काढतात; ज्या इंजिनाने मीना नदीवरून एक पिढीभर पाणी ओढले त्याचे अवजड चाक पुढे कोणाच्या तरी गोठ्यात दावे बांधण्याच्या जागी कायम होते; आणि महायुद्ध संपल्यानंतरच्या मिलिटरी डिस्पोजलात कोणा आजोबांनी बोली लावून घेतलेली काडतुसांची लोखंडी पेटी आज नातसुनेच्या माजघरात हुलग्यांची राखण करीत बसलेली आढळते. या सर्व बदल्यांत एकच गोष्ट गहाळ होते, ती म्हणजे वस्तूचे नाव. आपल्या पोटात एके काळची जीप आहे हे मळणीयंत्रास ठाऊक नसते, मालकास ठाऊक असले तरी तो ते सांगत नाही, आणि नारायणगावच्या अलीकडे हमरस्त्यालगत ज्यांची शेड आहे ते आमचे मिस्त्री, ज्यांच्या हातून असल्या बदल्यांचे हुकूम सुटतात, त्यांना तर मूळ वस्तूचे नाव विचारणे हा निव्वळ रिकामटेकडेपणा वाटतो. "चालतंय ना? मंग झालं," एवढेच त्यांचे समग्र यंत्रशास्त्रावरील भाष्य आहे.

अशा मुलखात जन्म काढलेल्या मनुष्यास, युरोप-अमेरिकेतील सधन लोक दुसऱ्या महायुद्धातील मोडकी लढाऊ विमाने वाळूतून, बर्फातून आणि दलदलीतून उकरून काढतात, वर्षानुवर्षे त्यांच्यावर अमाप पैसा खर्चतात आणि अखेरीस ती आकाशात उडवितात, ही वार्ता ऐकून प्रथमदर्शनी फारसे नवल वाटत नाही. ग्रीनलंडमध्ये १९४२ साली बर्फावर उतरलेले एक अमेरिकन पी-३८ विमान पन्नास वर्षांत २६८ फूट बर्फाखाली गाडले गेले होते. १९९२ मध्ये बर्फ वितळवीत विहीर पाडून त्याचे तुकडे वर काढण्यात आले आणि २००२ मध्ये ते उडाले. आमच्याकडे २६८ फुटांवर पाणी लागले नाही तर मनुष्य बोअरवाल्याशी भांडतो; तेथे विमान लागले, यात नवल ते काय? नवल वाटते ते पुढेच. एवढा खटाटोप करून झाल्यावर हे लोक विमानाचे पुन्हा विमानच करतात, आणि सत्तावीस लिटरचे, बारा सिलिंडरांचे रोल्स-रॉईस मर्लिन इंजिन हाताशी असताना ते एखाद्या विहिरीवर बसवून पाहण्याचा मोह त्यांपैकी एकासही होत नाही. याला संयम म्हणावे की कल्पनादारिद्र्य, याचा निर्णय मला अद्याप करता आलेला नाही.

या व्यवहाराचे मला ठाऊक असलेले सर्वांत सुरस उदाहरण आपल्याच देशात, आणि तेही साक्षात काशीक्षेत्री घडलेले आहे. पीटर व्हॅचर नावाचे एक इंग्रज गृहस्थ, जुन्या मोटारींचे शौकीन, १९८२ साली हिंदुस्थानात हिंडत असता काशी हिंदू विश्वविद्यालयाच्या आवारात जाऊन पोहोचले आणि तेथे उघड्यावर ऊनपाऊस खात असलेले हॉकर हरिकेन जातीचे एक लढाऊ विमान त्यांच्या दृष्टीस पडले. इतर यात्रेकरू काशीस जाऊन काही तरी सोडून येतात. हे गृहस्थ मात्र तेथून काही तरी मनात धरून परतले. विमानाचा क्रमांक आर ४११८. चौकशीअंती उजेडात आलेली कैफियत अशी की, सदरहू विमान १९४० च्या ऑगस्टमध्ये ब्रिटिश हवाई दलाच्या ६०५ क्रमांकाच्या पथकात दाखल झाले, ब्रिटनच्या आकाशातील त्या सुप्रसिद्ध संग्रामात त्याने ४९ वेळा शत्रूवर उड्डाण केले, जर्मनांची पाच विमाने पाडण्यात अथवा जायबंदी करण्यात त्याचा हात होता, आणि एवढा पराक्रम गाजवून झाल्यावर १९४३ च्या अखेरीस त्याला खोक्यात बंद करून, शिकाऊ तंत्रज्ञांनी खोलून पाहावे एवढ्या हेतूने, हिंदुस्थानात धाडण्यात आले. स्वातंत्र्याच्या वर्षी ते अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी विश्वविद्यालयाच्या पदरी पडले. शूर पुरुषाच्या उतारवयाची अशी व्यवस्था आपल्याकडे अपूर्व आहे असे नाही.

व्हॅचरसाहेब १९९६ मध्ये पुन्हा काशीस गेले, तो विमान जेथल्या तेथे! ज्यांनी आयुष्यात कधी शाळेत अथवा कचेरीत चाकरी केलेली नाही अशा वाचकांना यात योगायोगाचा भास होईल. परंतु मी हयातभर शिक्षकी केलेला मनुष्य असल्यामुळे मला ठाऊक आहे की, जी वस्तू एकदा डेडस्टॉक रजिस्टरात चढली ती जागची हलविण्याचे सामर्थ्य प्रत्यक्ष काळाच्याही अंगी नसते. मी जेथे होतो त्या शाळेच्या रजिस्टरात 'पृथ्वीचा गोल, आस मोडलेला, नग १' अशी एक नोंद होती. दरसाल मोजदाद होई, दरसाल पृथ्वी भरे, आणि ती निर्लेखित करावी असा प्रस्ताव कोणी मांडल्यास, पृथ्वीची मूळ खरेदीची पावती जोडावी, असा शेरा मारून कागद परत येई. काशीच्या हरिकेनचे रक्षण याच दैवी शक्तीने केले, असे माझे प्रामाणिक मत आहे. इंग्लंडात राहिले असते तर त्या विमानाचे युद्धानंतर हजारो भावंडांप्रमाणे वितळवून भांडे झाले असते. २००१ मध्ये ते विलायतेस रवाना झाले आणि २००४ च्या डिसेंबरात उडाले. म्हणजे विमान सर्वांगाने खोलून, नव्याने जोडून, आकाशात चढविण्यास जेवढा काळ लागला त्याहून अधिक काळ ते आवाराच्या फाटकाबाहेर काढण्यास लागला. यात अतिशयोक्ती आहे असे ज्यास वाटते त्याने कोणत्याही कचेरीत जाऊन आपल्याच घराचा जुना नकाशा मागून पाहावा.

आता हे 'नव्याने जोडणे' म्हणजे काय, ते जरा जवळून पाहिले पाहिजे. हरिकेनच्या धडाचा मागचा भाग पत्र्याचा नाहीच. आत धातूच्या नळ्यांचा सांगाडा, त्यावर लाकडाच्या चौकटी आणि लांब पट्ट्या, आणि त्यांवर लिननचे कापड ताणून शिवलेले. त्या कापडास डोप नावाचे रोगण चोपडले की ते वाळताना आवळत जाते आणि ढोलकीच्या पुडीसारखे बोलू लागते. म्हणजे सुतार, शिंपी आणि लोहार या तिघांच्या सहकार्याने जर्मनीचा पाडाव झाला, आणि तरी इतिहासाच्या पुस्तकांत सगळा मान एकट्या स्पिटफायरला! वास्तविक १९४० च्या त्या लढाईत शत्रूची अधिक विमाने हरिकेनांनी पाडली. परंतु स्पिटफायर दिसायला देखणी, तिचे पंख लंबवर्तुळाकार, आणि देखणेपणापुढे कामाचा हिशेब मागे पडतो हा अनुभव तमाशाचा फड जवळून पाहिलेल्या आमच्या नारायणगावास कोणी नव्याने सांगण्याची गरज नाही.

स्पिटफायर मात्र संपूर्ण धातूची, आणि म्हणून जीर्णोद्धारास अधिक दुर्घट. तिच्या पंखाचा मुख्य कणा चौकोनी नळ्या एकीत एक सरकवून केलेला असतो, धडापाशी भरीव आणि टोकाकडे हलका होत जाणारा. इतक्या वर्षांनी तो उघडला की बहुधा नवाच घालावा लागतो. मॅग्नेशियमचा अंश असलेले जुने भाग तर समुद्राच्या अथवा नुसत्या दमट हवेनेही पीठ होऊन जातात. नवा पत्रा ठोकण्यासाठी जे रिव्हेट वापरतात त्यांतील काहींची तऱ्हा अशी की, भट्टीत तापवून पाण्यात विझविल्यावर ते थोडा वेळच मऊ राहतात आणि मग आपोआप कडक होऊ लागतात; म्हणून कारागीर ते तडक फ्रीजरमध्ये ठेवतात आणि लागतील तसे मूठमूठ बाहेर काढतात. एकजण बाहेरून रिव्हेट ठोकतो आणि दुसरा, शक्यतो अंगाने किरकोळ असा, विमानाच्या पोटात शिरून पलीकडून लोखंडी ठोकळा दाबून धरतो. असे हजारो रिव्हेट.

हे सर्व वर्णन मी मिस्त्रींच्या शेडमध्ये, एका उघड्या पडलेल्या ट्रॅक्टरच्या साक्षीने, यथाशक्ति रसाळ वाणीने केले. मिस्त्री तोंडात बिडी धरून ऐकत होते. माझे निरूपण संपल्यावर ते म्हणाले, "फ्रीजमधी? मंग दूध कुठं ठेवत्यात?"

या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. पुढचा प्रश्न मात्र मर्मावर होता.

"गुरुजी, कणा नवा, पत्रा नवा, रिव्हेट नवं. मंग जुनं काय ऱ्हायलं?"

"पाटी," मी म्हणालो.

आणि खरोखर, सगळा व्यवहार त्या पाटीवर उभा आहे. प्रत्येक विमानात कारखान्याने ठोकलेली, तळहातात मावेल एवढी एक धातूची पट्टी असते. तिच्यावर त्याचा प्रकार आणि क्रमांक. ही पाटी, तिच्या मागचा दस्तऐवज आणि मूळ विमानाचे दोन-चार ओळखीचे अवशेष एवढ्या भांडवलावर विलायतेत विमान 'पुनर्जीवित' होते. १९४० च्या मे महिन्यात पी ९३७४ क्रमांकाची एक स्पिटफायर फ्रान्समध्ये कॅलेच्या किनाऱ्यावर उतरली. वैमानिक वाचला व जर्मनांच्या कैदेत गेला, विमान वाळूत गेले. चाळीस वर्षांनी, १९८० मध्ये, समुद्राने वाळू हलविली आणि सांगाडा वर आला. त्यातील फारच थोडे उपयोगी पडण्याजोगे होते. तरी २०११ मध्ये पी ९३७४ इंग्लंडच्या आकाशात उडाली, आणि २०१५ मध्ये लंडनच्या लिलावात तिला ३१ लाख पौंड आले. त्या रकमेचा विनियोग कसा झाला हे कळल्यापासून तर मला या विमानाविषयी शेजारधर्माचे प्रेम वाटू लागले आहे: ब्रिटिश हवाई दलाच्या कल्याणनिधीबरोबरच तिचा लाभ वन्य मार्जारकुलाचे संरक्षण करणाऱ्या पँथेरा नामक संस्थेसही झाला. अर्थात, हिटलरविरुद्ध लढलेले विमान अखेरीस बिबट्याच्या कारणी लागले. ज्या तालुक्यात माणिकडोहला बिबट्यांसाठी स्वतंत्र निवारा केंद्र आहे आणि जेथे संध्याकाळनंतर उसाच्या कडेने जाणारा मनुष्य मोठ्याने बोलत जातो, त्या तालुक्याने या वार्तेचे स्वागत कसे करावे याविषयी ग्रामसभेत एकमत होईल असे मला वाटत नाही.

मिस्त्रींना पाटीचे तत्त्व पटेना. पाटीने गाडी ओढली जात नाही, हे त्यांचे म्हणणे आणि त्यात तथ्य आहे. तेव्हा मी हा वाद घोडेगावच्या भाऊसाहेबांकडे नेला. भाऊसाहेब हे सेवानिवृत्त तलाठी. त्यांच्या सेवाकाळात दोन तालुक्यांतील अर्ध्या जमिनी त्यांच्या दप्तरातून गेल्या आणि, त्यांच्या अभिमानाचा विषय असा की, एकही गुंठा गळला नाही. त्यांनी चष्मा पुसला आणि हकिगत शांतपणे ऐकून घेतली. त्यांना यात चमत्कारिक असे काहीच वाटले नाही.

"गुरुजी, तुमच्या बांधावरचा आंबा पडला, विहीर बुजली, माती पुरात गेली आणि खाली नुसता मुरूम राहिला, तरी गट नंबर राहतो का नाही? मालक गेला, पोरगा गेला, नातू मुंबईला. तरी खातं चालतं का नाही? मग विमानाचंही तेच. पाटी म्हणजे गट नंबर. पत्रा म्हणजे पीक. पीक दर साली नवंच असतं."

एवढ्या सुबोध शब्दांत या विषयाची मीमांसा इंग्लंडातील डक्सफर्डच्या विमानसंग्रहालयातील पंडितांनाही साधली नसेल. पुढे भाऊसाहेबांनी जी प्रश्नावली सुरू केली तिच्यापुढे मी निरुत्तर होत गेलो. ताबा कोणाचा? कब्जेदार सदरी नाव कोणाचे? इतर हक्कांत काही बोजा आहे काय? उडण्याजोगा भाग किती आणि पोटखराबा किती? फेरफारास कोणी हरकत घेतली काय? शेवटच्या प्रश्नावर मला बोलता आले. एकाच विमानाचे अवशेष दोघांच्या हाती पडावेत, दोघांनीही त्यांभोवती पूर्ण विमान उभे करावे आणि दोघांनीही एकाच क्रमांकावर हक्क सांगावा, असे प्रसंग या क्षेत्रास अगदीच अपरिचित नाहीत, हे मी सांगताच भाऊसाहेबांच्या मुद्रेवर समाधान पसरले. "म्हणजे भाऊबंदकी तिकडेही आहे," ते म्हणाले, आणि इंग्रज जातीविषयी त्यांचे मत त्या दिवसापासून पुष्कळ सुधारले.

पण पाटी असून विमान नाही, यापेक्षाही गमतीचा प्रकार म्हणजे पाटीही नाही, विमानही नाही, केवळ ऐकीव वार्ता. लिंकनशायरचे डेव्हिड कंडॉल नावाचे एक शेतकरी कित्येक वर्षे असे मानीत आले की, युद्धाच्या अखेरीस रंगूनजवळच्या मिंगलाडोन विमानतळावर कोऱ्या स्पिटफायर खोक्यांत भरून जमिनीत पुरलेल्या आहेत. आकडा प्रथम विसाच्या आसपास होता, तो वाढत शंभराच्या वर गेला. पुरलेल्या धनाचा तो गुणच आहे. प्रकरण इतके थोर झाले की, २०१२ मध्ये खुद्द ब्रिटिश पंतप्रधान कॅमेरून यांनी ब्रह्मदेशाच्या अध्यक्षांपाशी हा विषय काढला, आणि २०१३ च्या जानेवारीत संगणकावरील युद्धखेळ विकणाऱ्या एका कंपनीच्या खर्चाने उत्खनन झाले. निघाले काय? स्पिटफायर एकही नाही. चावंड, हडसर, जीवधन या आमच्या किल्ल्यांच्या घेऱ्यात राहणाऱ्या कोणालाही हा निकाल आगाऊ सांगता आला असता. आमच्याकडेही अमावास्येच्या रात्री हंड्यांसाठी पुष्कळ खणून झालेले आहे. फरक इतकाच की, आम्ही पायाळू मनुष्य शोधीत हिंडतो आणि त्यांनी जमिनीखालचे पाहणारी विद्युत्-यंत्रे आणली. दोघांच्याही साधनांचा निष्कर्ष एकच आला, यावरून पायाळू मनुष्याची शास्त्रीय योग्यता काही कमी ठरत नाही.

खुद्द इंग्लंडात मात्र कोणासही असे खणता येत नाही. लष्करी विमानाच्या अवशेषास हात लावण्यापूर्वी संरक्षण खात्याचा परवाना घ्यावा लागतो, असा तेथे १९८६ चा कायदा आहे, आणि तो योग्यच आहे. कारण अशा पुष्कळ ठिकाणी विमानाबरोबर माणूसही असतो. या ठिकाणी थट्टा थांबविली पाहिजे. विमानाची ओळख आमच्या डोंगरांना नाही असे नाही. १९६२ च्या ७ जुलैला, ऐन पावसाळ्यात, मुंबईकडे निघालेले इटालियन कंपनीचे डीसी-८ जातीचे प्रवासी विमान जुन्नरजवळच्या डोंगरावर आदळले आणि त्यातील ९४ माणसांपैकी एकही वाचला नाही. त्या विमानाचा जीर्णोद्धार कोणी मनातही आणलेला नाही, आणि आणू नये.

आपल्या देशाने या कलेत जे करून दाखविले आहे ते शौकासाठी केलेले नाही, गरजेपोटी केलेले आहे, आणि म्हणून त्याची वाच्यता होत नाही. महायुद्ध संपल्यावर कानपूरच्या तळावर चार इंजिनांची लिबरेटर बॉम्बफेकी विमाने मोठ्या संख्येने टाकून देण्यात आली, आणि ती पुन्हा कोणाच्या कामी येऊ नयेत अशी तजवीज जाणाऱ्यांनी जाण्यापूर्वी केली होती. बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्याने, जो १९४० मध्ये सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी, म्हणजे आमच्याच जिल्ह्यातील वालचंदनगर ज्यांच्या नावाने ओळखले जाते त्यांनी काढला, त्यांतील चाळीसेक विमाने एकाची हाडे दुसऱ्यास लावून उभी केली. त्याआधी ती कानपुराहून बंगळूरला न्यायची होती. ती जमशेद मुन्शी नामक कसोटी-वैमानिकाने, डागडुजी केलेल्या त्या अवस्थेतच, उडवीत नेली. या वाक्यावर वाचकाने क्षणभर थांबावे अशी माझी विनंती आहे: विमान दुरुस्तीला न्यायचे, आणि न्यायचे ते उडवत! १९४८ च्या नोव्हेंबरात या विमानांचे पहिले पथक उभे राहिले, पुढे आमच्या पुण्याच्या लोहगावातही एक नांदले, आणि १९६८ च्या अखेरपर्यंत ती समुद्रावर पहारा देत होती. मिस्त्रींना ही कथा अतिशय आवडली. पाटी त्यात कोठेही नव्हती, हे त्यांच्या आवडीचे मुख्य कारण.

नंतरचा भाग मात्र त्यांना खटकला. जगाला लिबरेटर हवीशी वाटू लागली तेव्हा चालत्या स्थितीतील विमाने शिल्लक होती ती प्रामुख्याने आपल्याकडे, आणि मग ती इंग्लंड, अमेरिका, कॅनडा येथील संग्रहालयांत गेली. ऑर्मंड हेडन-बेली नामक वैमानिकाने १९७० नंतरच्या दशकात हेरले की, आपल्या तळातळांवर स्पिटफायर आणि टेम्पेस्ट पडून आहेत. त्याही विकत घेतल्या गेल्या आणि बाहेर गेल्या. त्याच सुमारास, १९७६ ते १९७८ या काळात, हवाई दलाचे प्रमुख होते मुंबईत जन्मलेले हृषीकेश मुळगावकर, ज्यांना काश्मीरच्या पहिल्या युद्धातील कामगिरीबद्दल महावीर चक्र मिळाले होते; आणि टेम्पेस्ट हे त्याच युद्धात लढलेले विमान. या योगायोगावर मला एक करुण परिच्छेद लिहावयाचा होता. पण मिस्त्रींनी मध्येच विचारले, "किलोवर दिली, का नगावर?" आणि माझा करुण रस आटला.

तरी शस्त्राची अथवा शत्रूच्या वस्तूची बदली कशी करावी, याचा आमच्याकडील उत्तम दाखला मी सांगून टाकतो, कारण तो आमच्या परिसरातच टांगलेला आहे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली तेव्हा पोर्तुगीजांच्या चर्चमधील घंटा मराठ्यांच्या हाती आल्या. त्यांतील एक भीमाशंकरास देवापुढे आहे. तिच्या अंगावरचा क्रूस कोणी घासून काढला नाही, तिला पुनर्जीवित केले नाही, तिचे संग्रहालय केले नाही; टांगली आणि वाजविली.

आणि ज्यास आधी पाटी नव्हती, पण विमान होते, असेही एक उदाहरण आपल्याकडे आहे. कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीला इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचे विमान बांधले. सुटे भाग जिन्याने वर गेले. विमान जिन्याने खाली येईना, तेव्हा क्रेनने उतरवून ते २०१६ च्या फेब्रुवारीत वांद्रे-कुर्ला संकुलातील प्रदर्शनात मांडले, आणि सरकारदरबारी त्याची नोंदणी झाली २०१७ च्या नोव्हेंबरात. इंग्रज आधी कागद मिळवतो आणि मग त्याभोवती विमान बांधतो. मराठी मनुष्य आधी विमान बांधतो आणि मग त्यासाठी कागद मिळवीत हिंडतो. या दोहोंत अधिक धाडसी कोण, हे वाचकाने ठरवावे. माझ्या मते गच्चीवर विमान बांधण्यास धैर्य लागते, पण त्या इमारतीतील शेजाऱ्यांची संमती मिळविण्यास जे लागते त्यास अद्याप शब्द नाही.

भाऊसाहेबांचा पाटीवरील विश्वास मात्र अढळ आहे, आणि त्याला कारण आहे. ते ज्या तालुक्याची चाकरी करून निवृत्त झाले त्याचे नाव आंबेगाव. परंतु ज्या गावावरून हे नाव पडले ते मूळ आंबेगाव घोड नदीवरील डिंभे धरणाच्या जलाशयात बुडाले. कचेरी घोडेगावात, बाजारपेठ मंचरला, गाव पाण्याखाली. तरी शिक्क्यावर, दाखल्यावर, निवडणुकीच्या यादीवर नाव आंबेगावच. "गावाचा कणा गेला, पत्रा गेला, रिव्हेट गेले," भाऊसाहेब म्हणाले, "पण तालुका उडतोय का नाही?" यावर मिस्त्री, स्वतः जुन्नर तालुक्यातील असल्यामुळे आंबेगावच्या उड्डाणाविषयी ज्यांची मते निराळी आहेत, ते नुसते हसले.

होता होता दोघांत समेट झाला. मिस्त्री म्हणाले, "आणा तुमची पाटी. इमान मी उभं करतो. पर उतरवनार कुठं?" प्रश्न व्यवहारी होता. पुण्याचा नवा विमानतळ प्रथम आमच्या शेजारच्या खेड तालुक्यात व्हावयाचा होता. शेतकऱ्यांनी तो होऊ दिला नाही, आणि २०१६ मध्ये तो पुरंदरकडे गेला, तर तेथेही जमीन देण्यास लोक राजी नव्हते. एका विमानाचा सातबारा वाळूतूनही निघतो आणि विमानतळाचा मात्र भर उन्हात निघत नाही, याचे भाऊसाहेबांस किंचितही वैषम्य वाटले नाही. जमीन ही अशीच असते, असे ते म्हणाले. त्यांचे चित्त अजून काशीच्या हरिकेनवरच होते.

"गुरुजी, ते विमान १९४७ ते २००१ युनिव्हर्सिटीत होतं ना?"

"होय."

"आणि पोरं त्यावर काम करीत होती? खोलणं, जोडणं, साफसफाई?"

"त्यासाठीच दिलं होतं."

"म्हणजे प्रत्यक्ष कसणारी पोरं. कूळ कायद्यानं १ एप्रिल १९५७ ला जो कसतो तो मालक. त्या दिवशी ज्यांच्या हातात पाना होता त्यांच्या नावावर चढायला पाहिजे होतं विमान. विकणारी युनिव्हर्सिटी कोण?"

तो कायदा मुंबई राज्याचा, काशीस तो लागू नव्हता, हे मी त्यांच्या निदर्शनास आणून दिले. भाऊसाहेबांनी थोडा वेळ विचार केला, आणि चष्मा घरात ठेवीत म्हणाले, "तेवढ्यावर साहेब सुटला."